गेला, पण का गेला?

रविवारी सकाळी आमच्या पार्किंगमध्ये कुठल्या तरी गाडीचं ड्रायव्हरकडचं दार सताड उघडं असतं आणि त्यातून दोन पाय बाहेर आलेले असतात. एका पायात कोल्हापुरी, दुसरी गळून खाली पडलेली, पायजमा पोटऱ्यांपर्यंत सरकलेला. बाकीचा देह स्टिअरिंगखाली उताणा. जुने रहिवासी वळसा घालून दूध आणायला जातात. नवे भाडेकरू मात्र हबकतात. मागे एक बाई ‘अहो, कुणीतरी काका पडलेत, ॲम्ब्युलन्स बोलवा’ असं ओरडत वॉचमनकडे धावल्या. वॉचमन खुर्चीतून उठलासुद्धा नाही. म्हणाला, ‘पडले नाय मॅडम, फ्यूज बघतेत.’

हे आमचे अप्पा. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत बिऱ्हाडांपेक्षा गाड्या जास्त आहेत. हॉर्न मुका झाला, काच अर्ध्यावर अडकली, टेपचा आवाज गेला, की लोक गॅरेजच्या आधी अप्पांचं दार वाजवतात. अप्पांकडे स्वतःची गाडी नाही, आणि हे त्यांच्या शास्त्राला पोषकच ठरलं आहे. ज्याची गाडी असते त्याला ती लवकर सुरू व्हायला हवी असते. अप्पांना अशी घाई नसते. मालकाला फ्यूज बदलून हवा असतो, अप्पांना तो का गेला हे हवं असतं. या दोन मागण्यांच्या मध्ये सापडून आमच्यापैकी अनेकांचे रविवार कामी आले आहेत.

कुणाला वाटेल, हे एखाद्या मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले असणार. छे! अप्पा सहकार खात्यातले लेखापरीक्षक. उभी हयात पतसंस्था, दूध संस्था आणि विकास सोसायट्यांची दप्तरं तपासण्यात गेली. यंत्राशी त्यांचा अधिकृत संबंध एकदाच आला, एका यंत्रमाग संस्थेच्या ऑडिटला, आणि तेव्हाही ते माग न बघता खरेदीची बिलंच बघत बसले होते. पण रक्कम खर्ची पडलेली दिसली की व्हाउचर मागायचं, हे हाताला लागलेलं वळण काही सुटलं नाही. गेलेला फ्यूज त्यांच्या लेखी व्हाउचरशिवाय पडलेला खर्च. त्या जागी नवा बसवून गाडी हाकणं म्हणजे आक्षेप तसाच ठेवून ताळेबंदावर सही करणं. ‘हे नोकरीत कधी केलं नाही,’ ते म्हणतात, ‘तुमच्या हॉर्नसाठी आता करू?’

एके काळी गाडी होती. प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, मोतिया रंगाची. तिच्यातले फ्यूज आजच्यासारखे चपटे नव्हते. चिनी मातीची पेराएवढी कांडी, तिच्या अंगावरून बाहेरच्या बाहेर गेलेली धातूची पट्टी, दोन्ही टोकं निमुळती. पांढरी कांडी आठ अँपियरची, लाल सोळाची. त्या जातीच्या फ्यूजला एक खोड असायची. टोकांवर हिरवट गंज चढायचा आणि फ्यूज शाबूत असूनही दिवा लागायचा नाही. मग अंगठ्यानं कांडी जागच्या जागी गर्रकन फिरवली की डावा हेडलाइट उजळायचा. अप्पांचा उजवा अंगठा बोलता बोलता अजूनही तसा फिरतो. कालांतरानं पद्मिनीचं उत्पादन थांबलं. अप्पांची गाडी त्यानंतरही बरीच वर्षं चालली. पुढे सुटे भाग मिळेनात तेव्हा त्यांनी ती विकली. फ्यूजची डबी मात्र व्यवहारातून वगळली आणि तसं विक्रीच्या कागदावर लिहूनही घेतलं.

आजच्या गाड्यांतला रंगीत प्लॅस्टिकचा दोन पात्यांचा फ्यूज १९७६ साली लिटलफ्यूज नावाच्या अमेरिकन कंपनीनं आणला. अप्पांना तो मनापासून आवडतो, कारण त्यात लपवाछपवी नाही. पारदर्शक पोटात जस्ताची बारीक नागमोडी पट्टी दिसते. तुटली असेल तर तुटलेलीही दिसते. डोक्यावर आकडा. आकड्याला ठरलेला रंग. पाचाचा बदामी, साडेसाताचा तपकिरी, दहाचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा, पंचविसाचा बिनरंगी, तिसाचा हिरवा. हे अप्पांनी नातवाला परवच्यात, पावकी-निमकीच्या जोडीनं शिकवलं. शाळेत बाईंनी हिरवा रंग कशाचा म्हणून विचारलं तेव्हा बाकीची मुलं झाडाचा म्हणाली, हा म्हणाला तिसाचा.

‘जस्त किती अंशांना वितळतं, ठाऊक आहे?’ हा त्यांचा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला प्रश्न. उत्तराची वाट न बघता तेच सांगतात, ‘४२०. म्हणजे लबाडी झाली रे झाली, की तुटलं!’ आणि हसून झाल्यावर, खालच्या आवाजात, ‘तसं ४१९.५. पण अर्धा अंश आम्ही पूर्णांकात धरतो.’

त्यांची चौकशीची पद्धतही याच जस्तावर उभी आहे. प्रमाणाच्या दुप्पट करंट आला तर असा फ्यूज पाच सेकंदांच्या आत गेलाच पाहिजे, असं त्याचं मानक आहे. पण जादा करंट पस्तीसच टक्के असेल, तर तो दहा मिनिटांपर्यंतही तग धरू शकतो. ‘म्हणून,’ अप्पा म्हणतात, ‘गेला तेव्हा काय चालू होतं, हा पोलिसांचा प्रश्न झाला. आपण विचारायचं, त्याच्या आधी दहा मिनिटं काय चालू होतं.’ आणि खरंच विचारतात. गाडीत कोण कोण होतं, मागच्या सीटवर कोण, खिडकीपाशी कोण, वाटेत कुठे थांबलात, काय खाल्लंत. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला नवरा-बायकोची उत्तरं जुळेनाशी होतात. आमच्याकडचा एक मनुष्य सिंहगडावर जाऊन आला होता आणि घरी त्यानं ऑफिस सांगितलं होतं. ते मागच्या काचेच्या फ्यूजपायी उघडकीला आलं. काच आता व्यवस्थित वरखाली होते. त्या घरातलं बाकीचं काही होतं की नाही, याची मला माहिती नाही.

चौकशी झाली की हत्यारं निघतात. मल्टिमीटर त्यांच्याकडे आहे, पण तो मुलानं वाढदिवसाला दिलेला असल्यामुळे खोक्यातच असतो. खरा भरवसा टेस्ट लॅम्पवर. टोकदार सळई, आत बल्ब, शेपटीला वायर आणि चिमटा. चिमटा बॉडीच्या पत्र्याला लावायचा आणि सळईचं टोक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन बारीक भोकांत आळीपाळीनं टेकवायचं. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज शाबूत. एकीकडे लागला आणि दुसरीकडे नाही, तर तो गेलेला. तो दिवा एकीकडेच लागला की स्टिअरिंगखालून ‘हंऽऽ’ असा आवाज येतो. पतसंस्थेच्या रोजकिर्दीत एकदम कोऱ्या पानानंतर शिल्लक रक्कम दिसली की हाच आवाज निघत असणार.

गाडीत मोबाइल चार्ज होत नाही म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या एका आयटीवाल्यानं आधी नवी वायर आणली, मग नवा चार्जर आणला, मग फोनच बदलायच्या गोष्टी करू लागला. बायको म्हणाली, त्याआधी अप्पांना विचार. अप्पांनी सॉकेटचा फ्यूज ओढून काढला, तो गेलेला होता. आयटीवाला खूश झाला. म्हणाला, ‘झालं तर! टाका नवीन.’

‘टाकतो. बघा काय होतं ते.’

पंधराचा नवा निळा बसवला आणि जागच्या जागी गेला. अप्पांचा चेहरा उजळला. एक जाणं योगायोग, दोन जाणं म्हणजे प्रकरण. त्यांनी सॉकेटच्या भोकात टॉर्च मारला. तळाशी काहीतरी चकचकत होतं.

‘नाणं आहे.’

‘अरे वा. दोनाचं पडलं असेल, टोलच्या सुट्ट्यातलं.’

‘शक्य नाही,’ अप्पा म्हणाले. ‘नवं दोन रुपयांचं नाणं २३ मिलिमीटरचं. या भोकात शिरणारच नाही. एक रुपयाचं २० चं. ते बरोबर जातं. एकाचं आहे. आणि टोलला कुणी एक रुपया परत देत नाही. घरातला रुपया आहे हा.’

फ्यूज काढलेलाच होता, म्हणजे सॉकेटमध्ये करंट नव्हता. जुन्या स्पीकरच्या चुंबकाला कायम चिकटवून ठेवल्यामुळे चुंबक झालेला एक लांब स्क्रूड्रायव्हर अप्पांकडे आहे. तो आत घातला, आणि रुपया टोकाला लटकून बाहेर आला. आपली ही नाणी स्टेनलेस स्टीलची असली तरी चुंबकाला धरतात. तळाच्या मधल्या टोकाला आणि बाजूच्या भिंतीला एकाच वेळी टेकून बसलेल्या त्या रुपयानं दोन निळे खाल्ले होते. आता प्रश्न उरला एवढाच, की टाकला कुणी. आयटीवाल्याचा सात वर्षांचा मुलगा एव्हाना खांबाआड गेलेला होता. दसऱ्याला गाडीची पूजा झाली, हार घातला, हळद-कुंकू वाहिलं. आजीनं नातवाच्या हातात रुपया देऊन सांगितलं, देवापुढे टाक. गाडीचीच पूजा चालली आहे म्हटल्यावर त्यानं गाडीतच पेटी शोधली आणि टाकला. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं, रुपया पुसून मुलाला परत दिला आणि सांगितलं, ‘पुढच्या वेळी पावती देणाऱ्या पेटीत टाक.’

तिसऱ्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंची गाडी ऑटोमॅटिक. एका सकाळी तिचा दांडा ‘पी’वरून हलेना. इंजिन चालू, दवाखान्यात पेशंट तोंड उघडून बसलेला, आणि गाडी जागची सरकेना. सोसायटीतल्या पुरुषांना असा प्रसंग म्हणजे पर्वणी. चार जणांनी बाह्या सरसावून ढकलून पाहिलं. ‘पी’मधली गाडी ढकलून सरकत नसते, हे त्यांना अप्पांनी सांगितलं; पण ते दमल्यावर. मग अप्पा गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि बाईंना म्हणाले, ब्रेक दाबा. सोडा. परत दाबा. एकदाही मागचा लाल दिवा लागला नाही. अशा बहुतेक गाड्यांत ब्रेक दाबल्याची वर्दी पोचल्याशिवाय दांडा ‘पी’ सोडत नाही, आणि कित्येक गाड्यांत ती वर्दी ब्रेकच्या दिव्यांच्याच फ्यूजवरून जाते. दहाचा लाल गेलेला होता. नवा बसवला. बाई दाराशी घाईला आलेल्या. तरी अप्पांनी डिकी उघडायला लावलीच. हौसेनं लावून घेतलेली लुकलुकणारी जादा लाल पट्टी, तिची वायर डिकीच्या बिजागरीत चेपून उघडी पडलेली. ती चिकटपट्टीनं गुंडाळून होईपर्यंत दवाखान्यातल्या पेशंटचं दुखायचं थांबलं आणि तो घरी गेला, असं बाई सांगतात.

अप्पा कुणाचे शत्रू नाहीत. अपवाद एका जमातीचा, चांदी लावणाऱ्यांचा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गेलेल्या फ्यूजला गुंडाळायची आणि गाडी चालू करून द्यायची, ही कला आपल्या देशात घरोघरी नसली तरी चौकाचौकात आहे. तिचाच सुधारलेला प्रकार म्हणजे पंधराच्या जागी तिसाचा हिरवा ठोकणं, किंवा तांब्याची तार. तांबं वितळायला १०८५ अंश लागतात. तेवढी उष्णता यायच्या कितीतरी आधी वायरीवरचं प्लॅस्टिक वितळतं, मग वायर वायरीला भिडते, मग गालिचा, मग सीट. थोडक्यात, आठ-दहा रुपयांचा फ्यूज जळू नये म्हणून गाडी फ्यूज होते. हे सांगताना अप्पांच्या मानेची शीर फुगते. एका सभासदाच्या ड्रायव्हरनं चांदी लावल्याचं आढळलं, तेव्हा त्या सभासदाशी त्यांनी बोलणं टाकलं आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत, अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणाऱ्या विषयांत, ‘पार्किंगमधील चांदी’ असा विषय मांडला. बायका एकदम सावरून बसल्या. चोरी झाली असं त्यांना वाटलं.

काकूंना या साऱ्याची सवय झाली आहे. त्या सहसा मध्ये पडत नाहीत. फक्त जेवायची वेळ टळून गेली आणि पार्किंगमधले पाय हलायचं चिन्ह दिसेना, की गॅलरीतून एकच वाक्य टाकतात, ‘चांदी लावा आणि वर या!’ याला उत्तर नाही. अप्पा मुकाट्यानं उठतात.

मध्यंतरी सोसायटीत पहिली इलेक्ट्रिक गाडी आली तेव्हा आम्हाला वाटलं, संपलं अप्पांचं राज्य. अप्पा तिच्याभोवती फिरून आले. नारिंगी रंगाच्या जाड केबलींकडे त्यांनी हात मागे बांधून पाहिलं; ते उच्च दाबाचं काम, तिथे आपण बोट लावायचं नाही, हे त्यांनी स्वतःच जाहीर केलं. मग खाली वाकले, झाकण उघडलं, आणि आत नेहमीची बारा व्होल्टची मंडळी रंगीत टोप्या घालून बसलेली दिसली. दिवे, हॉर्न, वायपर यांना मोठी बॅटरी परवडत नाही, त्यांचा संसार वेगळा. अप्पा उठले ते दहा वर्षांनी तरुण होऊन.

पण अप्पा खऱ्या अर्थानं पाहायचे, तर ताम्हिणीत. जुलै महिना, दिवेआगरला निघालो होतो, गाडी सेक्रेटरींची. सेक्रेटरी आणि अप्पा यांचं नातं काय वर्णावं! सोसायटीच्या हिशेबांवर अप्पांनी काढलेले आक्षेप आणि सेक्रेटरींनी त्यांवर दिलेली उत्तरं यांची एक स्वतंत्र फाइल आहे, आणि ती मूळ हिशेबापेक्षा जाड आहे. तरी सहलीला दोघं एकाच गाडीत. मुळशीचं पाणी मागे पडलं, घाटाला सुरुवात झाली आणि पाऊस असा कोसळायला लागला की समोरच्या ट्रकचे दिवेसुद्धा दिसेनात. त्यात वायपर काचेच्या मध्यावर येऊन थबकले. सेक्रेटरींनी गाडी कडेला घेतली. फोन काढले, कुणालाच रेंज नाही.

अप्पांनी टॉर्च तोंडात धरला, दार उघडलं आणि पाय पावसात सोडून आडवे झाले. विसाचा पिवळा गेला होता. झाकणातली जादा फ्यूजची जागा रिकामी. ‘हे तुम्हाला मी पाडव्याला सांगितलं होतं,’ स्टिअरिंगखालून आवाज आला. सॉकेटचाही फ्यूज विसाचाच होता. तेवढ्याच आकड्याचा, ज्याच्यावाचून अडत नाही अशा जागेचा फ्यूज उसना घ्यायचा, ही घाटातली जुनी युक्ती.

‘अहो, सॉकेटवर माझा फोन आहे. फोनवर नकाशा आहे,’ सेक्रेटरी म्हणाले.

‘रेंज आहे?’

‘नाही.’

‘मग कसला नकाशा?’

पिवळा काढला. आता बसवणार, एवढ्यात अप्पा तो मुठीत धरून उठून बसले. ‘वायपरचा का गेला?’

‘अप्पा, बसवा हो!’

‘बसवतो. आणि हाही गेला तर? दुसरा पिवळा आहे तुमच्याकडे?’

यात खोट काढायला जागा नव्हती. मोटर अडली की करंट भरमसाट ओढते, म्हणजे कुठेतरी काहीतरी अडलंय, असं म्हणून अप्पा छत्री घेऊन बॉनेटशी गेले. छत्री पहिल्याच झोतात उलटी झाली. ती त्यांनी माझ्याकडे दिली आणि काचेच्या बुडाशी जी जाळी असते, जिथून वायपरचे दांडे वर येतात, तिथे हात घातला. पालापाचोळा निघाला. मग काही वेळ नुसतीच खटपट. मग त्यांनी हात वर केला. हातात वीतभर लांब, काळी, टणक, अर्धी मोडलेली शेंग. वायपरच्या सांध्यात आडवी बसली होती. गुलमोहराची.

सेक्रेटरींची गाडी सोसायटीतल्या गुलमोहराखाली उभी असते. त्या झाडाची छाटणी करावी, हा अप्पांचा अर्ज. महापालिकेची परवानगी काढावी लागते, सध्या वेळ नाही, पुढील सभेत विचार करावा, हा त्यावर सेक्रेटरींच्या अक्षरातला शेरा. अप्पांनी शेंग काचेवर टकटक वाजवली. सेक्रेटरींनी काच खाली केली.

‘व्हाउचर मिळालं,’ अप्पा म्हणाले.

पिवळा बसवला, वायपर सुरू झाले. पुढे माणगावपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. फक्त मागच्या सीटवर भिजलेले अप्पा शेंग मांडीवर घेऊन मधूनमधून तिच्यातल्या बिया वाजवत होते.

गेलेले सगळे फ्यूज अप्पा जपून ठेवतात. पैसे घेत नाहीत, तेवढा गेलेला फ्यूज मागून घेतात. श्रीखंडाच्या डब्यात एकेक पुडी, पुडीवर तारीख, गाडीचा नंबर, कारण. ताम्हिणीच्या पिवळ्याला मात्र डबा पुरला नाही. ती पुडी शेंगेला दोऱ्यानं बांधून त्यांनी गणपतीनंतरच्या सर्वसाधारण सभेत टेबलावर ठेवली. सेक्रेटरींनी घसा खाकरून दोषदुरुस्ती अहवाल वाचला. शेंग काढण्यात आली. वायपर चालू आहेत. गुलमोहराच्या छाटणीसाठी महापालिकेकडे अर्ज केला आहे. आणखी कुणाला काही विचारायचं आहे काय?

अप्पांचा हात वर होताच.

‘सॉकेटचा पिवळा वायपरकडे तात्पुरता वर्ग केला होता,’ ते म्हणाले. ‘तो परत जमा झाल्याचं कुठे दिसत नाही.’